उठायची वही

आमच्या साखर कारखान्यात कागद वाचणारा एकच माणूस होता. बाकी आम्ही सगळे सह्या करणारे.

मी शेतकी खात्यात हेडक्लार्क होतो. दिवसाला शंभरेक सह्या व्हायच्या. माझ्या सहीतली अक्षरं वर्षागणिक गळत गेली आणि शेवटी एक आडवी रेघ आणि तिच्या डोक्यावर एक टिंब एवढंच उरलं. टेलिफोन ऑपरेटरची सही मात्र नोकरीच्या पहिल्या दिवशी होती तशीच राहिली: स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, प्रत्येक काना-मात्रा जागच्या जागी. अशी सही करायला वेळ लागतोच, पण त्याच्या दसपट वेळ ते आधी कागद वाचायला घ्यायचे. पगारपत्रक वाचायचे, रजेच्या अर्जावरच्या छापील सूचना वाचायचे, खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचायचे. दिवाळीला कारखान्याकडून मिळणाऱ्या शुभेच्छापत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते पत्र जावक नोंदवहीत रीतसर नोंद करून परत पाठवायचे.

सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचे. कारखान्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या नावाला राव तरी लागायचा, नाहीतर तो कुणाचा ना कुणाचा तात्या व्हायचा. यांना पन्नाशी आली तरी काही लागलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. पणदऱ्याच्या बौद्ध घरातून आलेल्या माणसाला राव म्हणताना आमच्यातल्या पुष्कळांची जीभ जड व्हायची. मी एकदा, माझ्या पुरोगामीपणावर खूश होऊन, त्यांना तात्या म्हणून पाहिलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माज्या ऑर्डरीवर तात्या लिवलेलं न्हाय. ऑपरेटर लिवलंय. तेच म्हणा."

कारखान्यात येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या बोर्डावर यायचा आणि ते उचलून म्हणायचे, "जयभीम, कारखाना." आमच्या कार्यकारी संचालकांनी, म्हणजे एमडीसाहेबांनी, एकदा त्यांना बोलावून समजावलं, "अहो, बाहेरच्या मोठ्या मोठ्या लोकांचे फोन येतात. नमस्कार म्हणत चला."

"म्हणतो की. जयभीम म्हणू नये अशी लेखी ऑर्डर काढा. फ्रेम करून बोर्डावरच लावतो."

ती ऑर्डर काही निघाली नाही. मोठ्या मोठ्या लोकांनाही जयभीमची सवय झाली. सवय सगळ्यांना होते, फक्त आधी कुणीतरी हटून बसावं लागतं.

गुरुवारी आमच्याकडे अकरा वाजता वीज जायची. ऑपरेटर त्याच्या तासभर आधी, दहाच्या ठोक्याला, स्वतःच्या हाताने टेलिफोन एक्स्चेंज बंद करायचे, दोन मिनिटं घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि पुन्हा चालू करायचे. त्या दोन मिनिटांत कुणाकुणाचं बोलणं तुटायचं. एकदा एमडीसाहेबांचं मुंबईशी चाललेलं बोलणं तुटलं. ते तरातरा खाली आले.

"चांगलं चाललेलं एक्स्चेंज तुम्ही बंद का करता?"

"चाललंय का न्हाय ते बघायला."

"चाललंच होतं ना! मी बोलत होतो!"

"बोलत व्हता, ते खरं. पण पडून परत उभं ऱ्हातंय, त्याला मी चालतंय म्हणतो."

हाच न्याय ते माणसांनाही लावायचे. निवडून आलेल्या नव्या संचालकाचं कुणी कौतुक करू लागलं, किंवा आपल्या जावयाचे गोडवे गाऊ लागलं, की ते म्हणायचे, "आत्ता काय चाललंय ते सांगू नगा. लाइट जाऊन आल्यावर काय उरंल ते सांगा." जावयांचे सासरे यावर फार चिडायचे.

असा माणूस प्रवासाला बरोबर असू नये. एकदा कामासाठी आम्ही दोघं इंदापूरला गेलो होतो. परतताना स्टँडवर बारामतीची पाटी लावलेली एसटी उभी होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "वालचंदनगर! वालचंदनगरवाले चला!" लोक चढले. मीही चढून जागा धरली, कारण वालचंदनगरहून पुढची गाडी मिळणार होती. ऑपरेटर खालीच.

"गाडी कुठं जातीय?"

"सांगतोय न्हवं? वालचंदनगर!"

"पाटीवर बारामती हाय."

"पाटी ऱ्हाऊ द्या. मी सांगतोय ना!"

"तुमी वाटंत उतरला, दुसरा कंडक्टर आला, तर त्यो काय वाचंल? तुमचं तोंड का पाटी?"

गाडीतले लोक आता ऑपरेटरच्या घराण्याचा उद्धार करू लागले होते. मी खिडकीबाहेर बघत ओळख नसल्यासारखा बसलो. अखेर ड्रायव्हरच वैतागून उतरला, पाटी काढली, सीटखालून वालचंदनगरची शोधून लावली. मग ऑपरेटर चढले, माझ्या शेजारी बसले आणि तिकिटाच्या मागची बाजू वाचू लागले.

हे सगळं सांगायचं कारण, नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला आमच्या कारखान्याचं संगणकीकरण झालं आणि या माणसाला त्याच्या तोलामोलाचं यंत्र भेटलं.

गेट, वजनकाटा, शेतकी खातं आणि साहेबांची केबिन, इथले संगणक तारांनी जोडायचे आणि सगळ्या तारा एका चपट्या पेटीत आणून सोडायच्या, अशी ती योजना होती. त्या पेटीला स्विच म्हणतात. कुठल्या तारेने कुठल्या तारेशी बोलायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, हे ती पेटी बघते, आणि तिने काय बघायचं ते तिला लिहून द्यावं लागतं. तारांचा मामला म्हणून ती ऑपरेटरच्या खोलीत बसवली. तिच्याबरोबर चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं. काम घेतलेल्या कंपनीचा पुण्याचा इंजिनियर टाय लावून आला होता. त्याने ते पुस्तक प्लॅस्टिकसकट कपाटावर ठेवलं. ऑपरेटरनी ते खाली घेतलं. शिक्षण जुनी अकरावी. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये त्यांचा साडू राहायचा, त्याच्याकडून जाडजूड शब्दकोश आणला आणि सव्वा महिन्यात पुस्तक संपवलं. शेवटच्या सूचीसकट.

मला त्यांनी ते एका चहात समजावून सांगितलं.

"ह्या पेटीच्या दोन वह्या असत्यात. एक चालू वही. आत्ता जे काय चाललंय ते तिच्यात. दुसरी उठायची वही. वीज जाऊन आली की पेटी चालू वही पार इसरती आन् उठायची वही वाचून उठती. दिवसभर चालू वहीत कितीबी लिवा, उठायच्या वहीत उतरवून घेतलं न्हाय तर सगळं पाण्यात."

"मग रोज उतरवून घ्यावं. अवघड आहे का?"

"एक वळ टाइप करायची. पाच सेकंद."

"मग झालं तर!"

"काय झालं? चालू वहीत चुकीचं लिवलेलं असलं म्हंजे? तेबी कायम व्हतंय. म्हणून आधी वाचायचं, मग कायम करायचं. वाचलं न्हाय ते कायम करायचं न्हाय."

मी मान डोलावली आणि समोर आलेल्या सतरा कागदांवर रेघ आणि टिंब मारलं.

तारा टाकून झाल्यावर पंधरा दिवस जोडणी चालली. पेटीत शब्द भरायची किल्ली इंजिनियरकडेच होती. ऑपरेटरना नुसतं बघायची परवानगी. ते बघत आणि आपल्या दोनशेपानी वहीत उतरवून घेत: डाव्या पानावर चालू वही, उजव्या पानावर उठायची. अकरा दिवस झाले तरी उजवं पान बदललं नाही. त्यावर जे होतं ते पुण्याच्या ऑफिसात चाचणीसाठी कधीतरी लिहिलेलं होतं. त्यात कुठल्याशा शाळेचं नाव होतं आणि दोन सोडून सगळ्या तारा बंद होत्या.

"साहेब, उठायची वही अजून साळंतच हाय," ऑपरेटर इंजिनियरला म्हणाले.

"करतो ना काका शेवटी. फायनल झालं की एकदाच."

"आन् डाव्या पानावरबी दोन वळी चुकल्यात. गेटच्या संगणकाला परवलीचा शब्दच न्हाय. दुसरं, एमडीसाहेबांच्या केबिनीतनं थेट काट्याच्या मशिनीपातूर वाट सोडलीया. कारखान्यानं पास केलेल्या नकाशात तसं न्हाय. काट्याकडं गेट सोडून कुणाची वाट न्हाय."

"ती टेंपररी आहे हो. साहेबांनी सांगितलं, बसल्या जागी वजन दिसलं पाहिजे."

"नुसतं बघायला सोडलीया का हात घालायलाबी?"

इंजिनियरने टाय सैल केला.

एमडीसाहेबांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही. त्यांना केबिनीत बसून काट्याचे आकडे पळताना बघायचे होते, एवढंच असेल. पण ज्या काट्यावर दहा हजार घरांचा ऊस तोलला जातो, त्याच्याकडे साहेबांच्या टेबलावरून वाट असू नये, हे शहाणपण नकाशा काढणाऱ्याला होतं आणि ऑपरेटरना होतं. त्यांनी दोन्ही मुद्दे कागदावर लिहून आवक क्रमांक घेऊन वर दिले. तो कागद माझ्याही टेबलावरून गेला. त्यावर माझी सही आहे.

आता उद्घाटनाची गोष्ट. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. एक मंत्रीमहोदय यायचे ठरले. स्वागत समितीपुढे एक पेच पडला: पंधरा दिवस चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसं करायचं? तोड निघाली. सकाळी सगळं बंद ठेवायचं. ऑपरेटरच्या खोलीच्या विजेची एक तार मांडवापर्यंत आणायची, व्यासपीठावर लाल कळ बसवायची. मंत्र्यांनी ती दाबली की संगणकीकरण सुरू. शेजारच्या पडद्यावर पहिल्या बैलगाडीचं वजन उमटेल. समितीतल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, संहिता मीच लिहिली होती आणि तिच्यात ऊस आणि संगणक यांच्या संगमाबद्दल दीड पान होतं.

आदल्या दिवशी ताबा घेतल्याचा दाखला फिरला. "उपकरणाच्या सर्व चाचण्या आमच्या समक्ष घेण्यात आल्या असून ते नकाशाबरहुकूम व समाधानकारकरीत्या चालू आहे." खाली दोन सह्या. वापरणाऱ्या खात्यातर्फे मी, आणि वर, उपकरण ज्याच्या ताब्यात तो, म्हणजे ऑपरेटर. मी चालता चालता केली. ऑपरेटरनी कागद परत पाठवला: चाचणी झालेली नाही.

साहेबांनी बोलावलं. मीही तिथे होतो.

"काय अडचण आहे?"

"माज्या म्होरं एकदा बंद करून चालू करा. नकाशापरमानं उठलं की सही."

"उद्या कार्यक्रम आहे आणि आज तुम्हाला ते बंद पाडायचंय?"

"उद्या तुमीच बंद करणार हाय न्हवं?"

साहेबांनी टेबलावरची पत्रिका सरळ करून ठेवली. हुशार माणूस होता. त्यांना समजलं असावं, पण पत्रिका छापून झाल्या होत्या. "हे बघा, इंदापूरच्या गट ऑफिसात टेलिफोनला माणूस हवाय. तिथे क्वार्टर नाही. तुमची मुलगी यंदा बारावीला ना?"

"व्हय. शास्त्र शाखा," ऑपरेटर म्हणाले आणि निघून गेले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "अहो, घ्या ना एक सही करून. काय जातंय?" मला वाटलं होतं, यामागे काहीतरी कहाणी असणार. वडलांनी न वाचता कुठेतरी अंगठा दिला असेल, जमीन गेली असेल. मी तसं विचारलंही.

"तुमाला बरी गोष्ट पायजे," ते हसले. "आमच्या म्हाताऱ्यानं कुटंबी अंगठा दिला न्हाय. त्याला सही येत हुती. चाचणी झाली न्हाय, म्हणून झाली असं लिवायचं न्हाय. येवढंच हाय."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मंत्र्यांनी कळ दाबली. बँड वाजला. टाळ्या झाल्या. पडदा काळाच राहिला.

स्विच उठला होता. फक्त तो पुण्याच्या शाळेत उठला होता. दोन तारा चालू, बाकी बंद. इंजिनियर खोलीत धावला, त्याच्यामागे एमडीसाहेब, त्यांच्यामागे, "बोलत राहा" असा हुकूम झुगारून, माईक दुसऱ्याच्या हातात देऊन मी. काट्यावर हाताने वजन करायची जुनी सोय त्या दिवसापुरती बंद ठेवली होती, मंत्र्यांचा मान राखायला. गेटबाहेर बैलगाड्यांची रांग वळून रस्त्यापर्यंत गेली होती. गाडीवानांच्या शिव्या बँडच्या वर ऐकू येत होत्या.

अर्धा तास धडपडूनही इंजिनियरला पंधरा दिवसांत काय काय टाइप केलं ते आठवेना. सगळ्यांच्या नजरा ऑपरेटरच्या टेबलावरच्या वहीकडे गेल्या.

"द्या ती," साहेब म्हणाले.

ऑपरेटरनी वहीवर हात ठेवला. "वही माजी हाय. मी वाचतो, ह्यो लिवंल. बैलं जुवाखाली उभी हायत म्हणून वाचतो, मांडवासाठी न्हाय. आन् त्या दोन वळी दुरुस्त करून वाचणार."

"जशा होत्या तशाच वाचा."

"मग तुमीच वाचा," असं म्हणून त्यांनी वही साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी ती उघडली. पानभर इंग्रजी, आकडे, समासात मोडीसारख्या बारीक मराठीत टिपा. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, बाहेर कुणीतरी "काटा सोडा रं!" म्हणून बोंबललं, आणि त्यांनी वही परत केली.

चाळीस मिनिटं ऑपरेटर वाचत होते आणि टायवाला पोरगा टाइप करत होता. ठिपका, स्वल्पविराम सगळं सांगत होते. गेटला परवलीचा शब्द पडला. साहेबांच्या केबिनीची वाट बंद झाली. मग ती एक ओळ, पाच सेकंदांची, उठायच्या वहीत उतरवून घ्यायची. पेटीवरचे दिवे हिरवे झाले. मांडवातल्या पडद्यावर पहिल्या गाडीचं वजन आलं. टाळ्यांचा आवाज इथपर्यंत आला.

"आता बंद कर," ऑपरेटर म्हणाले.

"काका, परत?" पोराने हात मागे घेतले.

त्यांनी स्वतःच वायर उपसली. दोन मिनिटं घड्याळ बघितलं. मांडवातला पडदा पुन्हा काळा झाला. वायर खोचली. पेटी उठली, आपलं नाव वाचलं, कारखान्याचं. पडद्यावर दुसऱ्या गाडीचं वजन आलं. मंत्र्यांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

सोमवारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनीत उभं केलं. टेबलावर तोच दाखला, तीच तारीख, उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची.

"आता तर तुमच्यासमोर बंद करून चालू झालं? करा सही."

"करतो. तारीख उद्घाटनाची घालतो. साडेअकराला उठलं न्हाय, बारा चाळीसला उठलं, असा शेरा मारतो."

"शेरा नको. तारीख हीच. आणि माझ्या केबिनीची ती वाट पुन्हा सोडायला सांगा."

"त्याची लेखी ऑर्डर द्या."

साहेबांनी खणातून दुसराच कागद काढला. बदलीची ऑर्डर. इंदापूर गट ऑफिस, तात्काळ हजर व्हावे, क्वार्टर महिन्यात खाली करावे. ऑपरेटरनी ती घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. संदर्भ वाचला, जावक क्रमांक वाचला, मागची कोरी बाजूही उलटून बघितली. मग पेन काढलं आणि नाव, वडलांचं नाव, आडनाव, अशी पूर्ण सही केली.

"ही बरी केली लगेच," साहेब म्हणाले.

"हिच्यात खोटं काय न्हाय."

साहेबांनी दाखला माझ्याकडे सरकवला. "स्विचचा चार्ज आता तुमच्याकडे. वरची सही पण तुम्हीच करून टाका."

मी पेन घेतलं. माझी रेघ आणि टिंब तिथे आधीच बसलेलं होतं, उंदराने लेंडी टाकावी तसं. मी त्या दिवशी तो कागद पहिल्यांदा वाचला. मग माझ्या सहीशेजारी लिहिलं: "ही सही मजकूर न वाचता केली होती. मजकूर खरा नाही. सही रद्द." आणि खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. किती वर्षांनी लिहीत होतो कुणास ठाऊक, आडनावातली वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची यावर हात अडखळला.

कागद साहेबांकडे परत गेला. ऑपरेटर मान तिरकी करून मी काय लिहिलं ते वाचत होते.

साहेबांनी चष्मा लावला. आणखी काय काय लिहून ठेवलंय ते बघायला ते वरच्या ओळीपासून वाचू लागले. पहिल्यांदाच वाचत असावेत, कारण दुसऱ्या ओळीवर थांबून पुन्हा पहिलीवर आले. वेळ लागणार होता.

ऑपरेटरनी समोरची खुर्ची ओढली आणि ते बसले. त्या केबिनीत इतक्या वर्षांत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही कुणी म्हटलं नव्हतं. मग मीही बसलो.